वाऱ्याचे मामलेदार

पुण्यात ज्याच्या दाराशी लांब पल्ल्याची मोटारसायकल उभी असते, त्याच्या दिवाणखान्यात खारदुंग ला खिंडीतील पाटीशेजारी काढलेले एखादे छायाचित्र असावयाचेच. परंतु या समाजात एक वर्ग असाही आहे की, ज्याला प्रवासापेक्षा प्रवासाच्या सिद्धतेत, आणि सिद्धतेतही गाडीपुढे बसवावयाच्या विंडशील्डच्या उंचीत, ब्रह्मानंदाची प्राप्ती होते. या वर्गातील गृहस्थ बहुधा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतात, त्यांच्या खिशात मोजपट्टी असते, आणि मी त्यांना मनातल्या मनात ‘वाऱ्याचे मामलेदार’ म्हणतो; कारण इतर माणसे वारा खातात, हे त्याची हद्द कायम करतात.

खंबाटकीच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर आपण गाडी लावली की मामलेदार येतात. गाडी केवढ्याला घेतली, लिटरला किती जाते, असले प्राकृत प्रश्न ते विचारीत नाहीत. ते प्रथम काचेकडे पाहतात, मग आपल्या नाकाकडे, मग पुन्हा काचेकडे.

“बसा गाडीवर. हेल्मेट घाला. ताठ नको हो, फोटोला बसल्यासारखे! रोज बसता तसे बसा.”

हातातला चहा निवत असतो; आपण मुकाट्याने बसतो. मग बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा मागविला जातो, तो काचेच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने डकविला जातो, आणि एक डोळा मिटून बराच वेळ मोजणी चालल्यावर निवाडा होतो : “नाकाच्या शेंड्याबरोबर! दोन इंच कमी आहे तुमची.”

या निवाड्यात शास्त्र नाही असे म्हणण्याची सोय नाही, आणि खरी अडचण तीच आहे. काचेच्या कडेवरून उसळलेला वारा कडेपेक्षा थोडा अधिक उंच चढतो. म्हणून कड नाकाशी आली तर तो शिरस्त्राणावरून निघून जातो आणि स्वाराची दृष्टी मात्र काचेवरून मोकळी राहते. दृष्टी काचेवरून जावी, काचेतून जाऊ नये, हे या संप्रदायाचे महावाक्य होय; कारण दुचाकीच्या काचेला पाऊस पुसणारा वायपर नसतो, आणि रात्री समोरच्या ट्रकचा प्रकाश काचेवरच्या प्रत्येक ओरखड्यात पसरतो. काच ठेंगणी असली तर छातीवरचा भार हलका होऊन डोक्याला निदान सरळ, स्वच्छ वारा लागतो. परंतु ती धड ठेंगणी नाही आणि धड उंच नाही अशी निघाली, तर तिच्या कडेवरून सुटलेले भोवरे नेमके हेल्मेटवर आदळतात आणि साताऱ्यापर्यंत मान नंदीबैलासारखी हलत राहते. बुद्धाला मानवलेला मध्यममार्ग मामलेदारांनी नामंजूर केला आहे तो एवढ्याचसाठी. पुन्हा, वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो, तेव्हा गावात निमूट वागणारी काच महामार्गावर बंड करून उठते. शिवाय उंच काचेच्या मागे हवेचा दाब उतरतो, ती पोकळी भरावयास वारा पाठीमागून धावून येतो आणि स्वाराला पुढे ढकलतो. त्यावर उतारा म्हणून काचेच्या बुडाशी एक फट ठेवण्याची तजवीज आहे. या फटीवर मामलेदार अर्धा तास बोलतात. अमेरिकेतील क्रेग व्हेटर यांनी १९७० च्या दशकात ‘विंडजॅमर’ नावाचे फेअरिंग, म्हणजे काचेसकट गाडीपुढे बसणारे कवच, निरनिराळ्या कंपन्यांच्या मोटारसायकलींसाठी विकले, हे सांगताना तर त्यांचा कंठ दाटून येतो.

त्यांचे दप्तर घराच्या माळ्यावर असते. तेथे जुन्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या असून प्रत्येकीवर खडूने शेरा असतो : ‘मान हलते’, ‘पावसात आंधळी’, ‘कोल्हापूरपर्यंत ठीक, चाळकेवाडीस नापास’. साताऱ्यावरच्या चाळकेवाडीच्या पठारावर वाऱ्याला तोटा नाही म्हणून पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि मामलेदार त्याच पठारावर आडव्या वाऱ्यात काचेची परीक्षा घेतात. कारण काच जितकी मोठी तितका बाजूचा धक्काही मोठा. एका काचेवर ‘मयत’ असा शेरा आहे. ती पॉलिकार्बोनेटची होती, आणि कोणा सेवाभावी मेकॅनिकने ती पेट्रोलच्या बोळ्याने पुसल्यामुळे तिच्या सर्वांगावर तडे गेले. तिचा पंचनामा आल्यागेल्याला ऐकावा लागतो.

दोन मामलेदार एकत्र येणे हा मात्र पाहण्यासारखा प्रसंग. एक पाच फूट दोन इंच, दुसरे सहा फूट. एकाची सीट खोलगट, दुसऱ्याची गादी भरून उंच केलेली. काचेचे योग्य माप दुकानात नसून स्वाराच्या बैठकीत असते, हे दोघेही जाणतात, दोघेही ते तावातावाने सांगतात, आणि तरीही आपलेच माप दुसऱ्याच्या गाडीस लागू करण्याचा हुकूम काढतात. प्रश्न अक्षरशः नाकाचा असल्याने माघार कोणीच घेत नाही. “काच कापता येते, वाढविता येत नाही, म्हणून उंचच घ्यावी,” या एकाच कलमावर त्यांची सही होते आणि सभा तहकूब होते.

या साऱ्या कारभारात मामलेदारीणबाईंची कैफियत कोणी नोंदविलेली नसते. त्या मागे बसतात. मागची बैठक चार बोटे उंच असते. आणि मामलेदारांच्या डोक्यावरून बिनतक्रार निघून गेलेला सगळा वारा थेट त्यांच्या तोंडावर रुजू होतो. “तुमच्या हद्दीतला वारा माझ्या हद्दीत लोटलात, झाले!” असे म्हणून त्यांनी एका पहाटे स्वारगेटला एस.टी. गाठली.

कोल्हापूरच्या स्थानकावर मामलेदार आधीच येऊन उभे होते. बाई उतरताच त्यांनी पिशवी घेतली आणि विचारले, “खिडकीची काच तुझ्या नाकापर्यंत येत होती का गं?”

“काच नव्हतीच हो खिडकीला,” बाई म्हणाल्या, “पण झोप काय छान लागली!”

हा जबाब मामलेदारांनी दप्तरी दाखल करून घेतला नाही.