हिरवं पान छापणाऱ्या कारखानदारास

महाशय,

गेल्या वर्षी मृगाआधी तुमचा एक ग्लास मी परसातल्या गायरीत पुरला. पारदर्शक, अंगावर हिरवं पान, खाली ‘मातीत मिसळणारा’ ही अक्षरं. शेजारी फणसाच्या पानांची पत्रावळ पुरली. नवरात्रात उकरलं तेव्हा पत्रावळीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. यंदाच्या चवथीत पुन्हा उकरलं आणि ग्लास नळाखाली धरला. शेण निघून गेलं, खाली तुमचं पान जसंच्या तसं. दोन पावसाळे, गांडुळं, वाळवी, कुणालाच त्याची कड कुरतडता आली नाही. तुम्ही आम्हाला फसवलंत.

तुमच्या मालाचं नाव पीएलए. मक्याची किंवा उसाची साखर आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून तो होतो. त्याला खनिज तेल कमी लागतं, हे मला मान्य आहे. पण वस्तू कशापासून झाली आणि शेवटी तिचं काय होतं, या दोन वेगळ्या गोष्टी. तुम्ही एक दाखवून दुसरी विकलीत. ब्राझीलमध्ये 2010 पासून उसाच्या अल्कोहोलातून पॉलिथिन बनतं. तेही तेलाच्या पॉलिथिनइतकंच चिवट. पीएलए कुजतो, पण ढिगाचं तापमान 58 अंश सेल्सिअसच्या आसपास राखणाऱ्या कंपोस्ट प्रकल्पात. प्रयोगशाळेतली 180 दिवसांची कसोटीही त्याच उष्णतेवर घेतात. आमच्या मांद्र्याचा समुद्र भर वैशाखातही तिशीच्या आसपास असतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं सांगू नका. गरम चहा ओतला की ग्लास वाकतो, हे ठाऊक असलेल्या माणसाला हेही ठाऊक असतं.

तेलापासून केलेला पॉलिप्रॉपिलीनचा ग्लास निदान तरंगतो, भरतीबरोबर काठाला लागतो, सकाळी वाळू झाडणाऱ्या बाया तो उचलतात. तुमचा ग्लास पाण्याहून जड. भरला की तळाशी जाऊन बसतो, मग कुणाच्या हाती लागत नाही. याच किनाऱ्यावर, मोरजीपासून मांद्र्यापर्यंत, थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्यांच्या वाटेत तुम्ही हे टाकताय.

1 जुलै 2022 ला एकदाच वापरायचे प्लास्टिकचे ग्लास, काटे, स्ट्रॉ देशभर बंद झाले. कायदा पाळायचा म्हणून आश्वे-जुनसवाड्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांनी जादा पैसे मोजून तुमचा माल घेतला. त्यांचा प्रामाणिकपणा तुम्ही विकून खाल्लात, याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

पानाच्या जागी मोठ्या अक्षरांत छापा: ‘माती, नदी, समुद्र यांत कुजत नाही.’ आणि ऑक्टोबरात शॅक उभे राहतील, तुमचा टेम्पो माल उतरवायला येईल, तेव्हा त्याला रिकामा परत नेऊ नका. वापरलेल्या ग्लासांच्या चार गोणी आम्ही धुवून, तोंडं शिवून ठेवल्या आहेत. त्या 58 अंशांवर कुजवणाऱ्या प्रकल्पापर्यंत पोचवा आणि पोचल्याची पावती आम्हाला पाठवा.

मांद्रे, ता. पेडणे