उजवीकडची बाभूळ

आमच्या एका उजव्या हाताने गोल्फ खेळणाऱ्या मित्राचा चेंडू ड्रायव्हरने मारला की हमखास उजवीकडच्या बाभळीत शिरतो. उपाय म्हणून दरवर्षी नवा ड्रायव्हर. नियमाने त्याचं डोकं ४६० घनसेंटिमीटरच्या वर जात नाही, नाहीतर गड्याने पातेलंच दांड्याला बसवलं असतं. मग तो डावीकडे रोख धरून उभा राहू लागला; फटका बाहेरून आत आणखी तिरका आला आणि चेंडू आणखी वळला. दुखणं एवढंच, की चेंडूला लागताना क्लबचा फेस फटक्याच्या वाटेच्या मानाने उघडा असतो. डावी मूठ जरा उजवीकडे फिरवा, वरून दोन-तीन हाडं दिसू द्या, असं कॅडी पहिल्या दिवसापासून सांगतोय. पण त्या सल्ल्याचं वेगळं बिल येत नाही ना! परवा साहेबांनी नवे बूट घेतले.