सर्वग्राही संपादकमहाशयांस अनावृत पत्र

आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, समीक्षित आणि मासिक अशा चारही बिरुदांनी मंडित असलेल्या नियतकालिकाचे प्रधान संपादक, मेहेरबान महाशय यांस,

कृतानेक सप्रेम नमस्कार वि. वि.

आपले निमंत्रणाचे खलिते आम्हांस नित्यनेमाने पोचत असतात. आमच्या जगन्मान्य विद्वत्तेची कीर्ती ऐकून आपण किती प्रभावित झालात याचे जे वर्णन त्यांत असते, ते वाचून तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकविण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एकाच सप्ताहात आपण आम्हांस स्त्रीरोगचिकित्सा, धरणबांधणी आणि भक्तिसंप्रदायांचा तौलनिक अभ्यास अशा तिन्ही विषयांवरील विशेषांकांचे अतिथी-संपादकपद देऊ केलेत, तेव्हा आपली गुणग्राहकता एका माणसाच्या अंगी मावणारी नाही, एवढे ध्यानी आले. अलीकडे विद्वत्सभांतून आपल्या नावामागे 'बोगस', 'लुटारू', 'भक्षक' अशी विशेषणे बिनदिक्कत लावली जातात, आणि ती लावणाऱ्यांपैकी कित्येकांच्या सेवापुस्तकात आपल्याच मासिकाच्या पावत्या सुखाने नांदत असतात. हे पाहून, आपली बाजू कोणीतरी मांडली पाहिजे या न्यायबुद्धीने हे पत्र उघड्यावर लिहीत आहे.

आपला जन्म लोभातून झाला, हा आपल्यावरील पहिला आरोप. आणि तो मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो. आपला जन्म सरकारी राजपत्रातून झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली जे विनियम जारी केले, त्यांत अध्यापकाच्या विद्वत्तेची मोजदाद करण्याकरिता, ज्याला आमचा वर्ग एपीआय म्हणून ओळखतो, असे एक कोष्टक घालून दिलेले होते. समीक्षित नियतकालिकातील एका निबंधास 15 गुण. समीक्षा होत नसली तरी प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या आणि आयएसएसएन क्रमांक धारण करणाऱ्या नियतकालिकातील निबंधास 10 गुण. आता हा आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाची निव्वळ नोंद. तो दिल्लीच्या कचेरीतून विनामूल्य मिळतो आणि आतील मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नसतो, ही गोष्ट कोष्टक रचणाऱ्यांस ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. निबंधाचे कर्ते अनेक असतील, तर गुणांपैकी 60 टक्के प्रथम लेखक आणि मार्गदर्शक यांनी निम्मेनिम घ्यावेत व उरलेले 40 टक्के बाकीच्यांनी सारखे वाटून घ्यावेत, अशीही तजवीज त्यात होती. भाऊबंदकीतल्या शेताचे वाटणीपत्रसुद्धा इतके चोख नसते. निबंधात काय लिहिले आहे, ते खरे आहे की नाही, आणि ते कोणी वाचले आहे काय, यांकरिता मात्र त्या कोष्टकात रकाना नव्हता.

ज्या महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाने आठवड्याचे सोळा तास शिकवावयाचे, त्यावर परीक्षांचे पर्यवेक्षण, नॅक मूल्यांकनाची दफ्तरे आणि निवडणुकीची कामे उरकावयाची, जिथल्या प्रयोगशाळेत तराजू दुरुस्तीला जाऊन परत आलेला नाही, आणि जिथल्या ग्रंथालयात विज्ञानाचे एकही चालू नियतकालिक येत नाही, तिथल्या त्या मनुष्यास, स्थाननिश्चितीचा प्रस्ताव पाठवावयाचा असेल तर अमुक इतके निबंध रुजू कर, असा तगादा लागला, तेव्हा त्याच्या मदतीस कोण धावले? ना विद्यापीठ धावले, ना मंत्रालय. आपण धावलात! हजार-दोन हजार रुपयांत, आठवड्याच्या आत, प्रमाणपत्रासह. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचीही तीच कथा: प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध छापलेला हवा, असा 2009 सालचा नियम 2022 च्या नोव्हेंबरपर्यंत चालू राहिला, आणि त्या मुदतीत हाती काही लागण्याआधीच लिहावयाचे शास्त्र आपण एका सबंध पिढीला शिकविलेत. शिवाय या सेवेची सरकारास एका पैशाचीही तोशीस नाही. देशाच्या सकल उत्पन्नापैकी जेमतेम 0.64 टक्के रक्कम जेथे संशोधनावर खर्ची पडते, तेथे स्वतःच्या पगारातून शुल्क भरून राष्ट्राचे संशोधन 'वाढविणारा' अध्यापकवर्ग निर्माण करणे, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने काय कमी कर्तृत्व झाले?

आपण निबंध फार लवकर छापता, असाही एक आक्षेप आहे. वेग हा स्वतः दोष नव्हे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 रोजी जे पाहिले, त्यावरील त्यांचे 16 मार्चचे बंगळूरचे व्याख्यान त्याच महिन्याच्या अखेरीस 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये छापून झाले होते. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही होते, एवढाच काय तो फरक. आणि आपण तर अशा बाबतींत भेदभाव करीत नाही.

आपल्या या समदृष्टीची कसोटी 2013 साली जाहीरपणे लागली. जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने 'सायन्स' या अमेरिकन साप्ताहिकाकरिता एक बनावट निबंध रचिला: दगडफुलाच्या वर्गातील शैवाकापासून काढलेला एक पदार्थ कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो, असा त्याचा मथितार्थ. त्यातील खोट मी माझ्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांस मुद्दाम दाखवीत असे. तो पदार्थ भरपूर मद्यार्क असलेल्या द्रावणात विरघळविलेला. आणि तुलनेसाठी बाजूला ठेवलेल्या पेशींना मात्र त्या मद्यार्काचा थेंबही दिलेला नाही. म्हणजे पेशी औषधाने मंदावल्या की निव्वळ दारूने, हे ब्रह्मदेवासही सांगता येऊ नये! मागील बाकावरचे पोर देखील ही खोट पाच मिनिटांत काढीत असे. लेखकाचे नाव खोटे, त्याची संस्था खोटी. असा हा ऐवज 304 नियतकालिकांकडे धाडला गेला. 157 ठिकाणी तो स्वीकारला गेला आणि 98 ठिकाणी नाकारला गेला. या बिरादरीत आपल्या देशाचा क्रमांक सर्वांत वरचा: येथील 64 नियतकालिकांनी होकार दिला, अवघ्या 15 नी नकार. त्या पंधरांच्या संपादकांविषयी मला फार कुतूहल आहे. त्यांनी बहुधा निबंध वाचला असावा.

खोट्या लेखकाचा विषय निघाला म्हणून सांगतो, या प्रांतात आमच्या बाजूचाही एक पूर्वसूरी आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1931 साली संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत एक गणिती टिपण छापविले, आणि त्यातील सिद्धान्ताचे पितृत्व, राज्यक्रांतीच्या धामधुमीत विषप्रयोगाने मेलेल्या बुर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाकडे दिले. असा कोणी गणितज्ञ नव्हता. एका सहकाऱ्याचा तोरा उतरविण्याकरिता, फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय यांच्या सूचनेवरून केलेली ती थट्टा होती. पुढे वेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी तेच नाव घेऊन गणिताचे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. कोसंबींना या टिपणाचे 10 गुण मिळाल्याचा दाखला नाही. थट्टा आपणही करता, पण ती करताना हसू येत नाही, ही आपली सिद्धी त्यांच्याहून वरचढ म्हटली पाहिजे.

आपला बंदोबस्त करण्याचे उपाय झाले नाहीत असे नाही. 2017 च्या जानेवारीत आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. तीत 30,000 हून अधिक नावे होती, आणि त्यांतील एक मोठा भाग विद्यापीठांच्या शिफारशींतून आलेला होता. डॉ. भूषण पटवर्धन यांनी पुणे विद्यापीठातील सहकाऱ्यांसह या विद्यापीठी भागातील 1,336 नियतकालिके तपासून 2018 साली 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. इतर मान्य सूचींत नसलेल्यांपैकी 34.5 टक्के नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ वा संपादकांची नावे यांचाच ठिकाणा नव्हता, आणखी 52.3 टक्क्यांनी आयएसएसएन, प्रभावगुणांक इत्यादींविषयी धादांत खोटी माहिती दिलेली होती. आणि एकंदरीत, इतर कोणत्याही मान्य सूचीत नसलेल्या त्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक हलक्या प्रतीची असावीत असा अंदाज निघाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 4,305 नावे यादीतून वगळण्यात आली. मग पुण्यातूनच आयोगाच्या 'केअर' नामक नव्या यादीचा कारभार सुरू झाला. आणि लगोलग आपल्यातील काही कल्पक बंधूंनी यादीतल्या सच्च्या नियतकालिकांचे नाव, क्रमांक आणि मुखपृष्ठ जसेच्या तसे उचलून तोतये उभे केले. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, त्याची उलटतपासणी तरी झाली होती.

आपले धनाढ्य पाश्चात्त्य बंधू यात मागे आहेत असे समजण्याचे कारण नाही. वायली या मातब्बर कंपनीने 2021 साली विकत घेतलेल्या हिंदावी शाखेतून एकट्या 2023 साली 8,000 हून अधिक निबंध मागे घेण्याची पाळी आली. आपण कधी काही मागे घेत नाही. त्यासाठी ते आधी कोणाच्या तरी नजरेस पडावे लागते.

आणि येथेच, महाशय, आपल्या व्यवसायाचे मर्म आहे. ग्राहक, विक्रेता आणि पारखी या तिघांपैकी कोणीही माल उघडून पाहावयाचा नाही, या अलिखित करारावर तो उभा आहे. निबंध लिहिणाऱ्याला तो वाचला जाणार नाही हे ठाऊक, छापणाऱ्याला ठाऊक, आणि निवड समितीतील तज्ज्ञास तर तो वाचण्याइतका वेळ असावा अशी अपेक्षाच कोणी धरलेली नाही. त्याने गुणांची बेरीज बरोबर आहे एवढे पाहून सही करावयाची, हा शिरस्ता. म्हणून याद्या येवोत की जावोत, दंड होवोत की खटले चालोत, आपल्यास चिंता नाही. आपणांस खरोखर धोका संभवतो तो एकाच आचरटपणापासून: उद्या एखाद्या समितीने अर्जदाराला सांगितले की, आपल्या निबंधांपैकी आपणांस सर्वांत आवडणारा कोणताही एक काढा, आम्ही तो काल वाचून आलो आहोत, पहिला अर्धा तास त्यावरच बोलू, तर आपल्या कचेरीस त्याच महिन्यात टाळे लागेल. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी जे कोणी अशा समित्यांवर बसतात, त्यांनी हा आचरटपणा एकदा तरी करून पाहावा, अशी त्यांस माझी हात जोडून विनंती आहे.

तूर्तास मात्र वार्ता आपल्यास अनुकूल आहे. 2025 च्या फेब्रुवारीत आयोगाने केअर यादी बंद केल्याचे जाहीर केले असून, कोणते नियतकालिक चांगले हे यापुढे विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी आपापले ठरवावयाचे आहे. म्हणजे ज्यांच्या शिफारशींतून ती 88 टक्के मंडळी यादीत शिरली होती, तेच आता पारखी.

कळावे. आपला लोभ आहेच. तो यापुढे थोडा आवरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रसायनाध्यापक