सहलप्रमुख भाऊ

भायखळ्यातल्या कुठल्याही चाळीत चौकशी करा, मालवणची सहल काढणारा एक भाऊ निघतोच. वय पन्नाशीपुढचं, नोकरी महापालिकेत किंवा गोदीत, गळ्यात शिट्टी, आणि हातात जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेली यादी. ‘स्नॉर्कलिंग, डॉल्फिन, किल्ला, दोन वेळचं मत्स्याहारी जेवण’ असा मथळा आणि खाली कंसात ‘शाकाहाऱ्यांनी आधी सांगावे’. हॉटेलपासून होडीपर्यंत कशाचीही काळजी करायची नाही, कारण ‘तिकडे आपला माणूस आहे’. हा माणूस दर वर्षी वेगळा असतो. तो भाऊला ओळखतोच असंही नाही.

भाऊची एक जुनी तक्रार आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी भायखळ्यावरून गेली. आता कोकणकन्या त्याच्या चाळीसमोरून रात्री धडधडत जाते, पण थांबायचं नाव घेत नाही. त्यामुळे ती पकडायला बॅगा, लिंबं, आवळासुपारी आणि दोन म्हाताऱ्या यांच्यासह उलट दिशेला सीएसएमटी गाठावं लागतं. हा अपमान तो कुडाळ येईपर्यंत विसरत नाही. तिकिटं मात्र त्याने ६० दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला, घरातले चारही मोबाइल कामाला लावून काढलेली असतात. त्याबद्दल त्याला मानायलाच हवं.

समुद्रावर त्याचा अधिकार कुठून आला, हे कोडंच आहे. भायखळ्याला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, पण मध्ये गोदामं आणि बंदराची भिंत. वारा फिरला की वास येतो, एवढाच परिचय. भाऊच्या धक्क्यावर तो बोंबील घ्यायला जातो आणि नव्या माणसाला धक्क्याचं नाव सांगताना किंचित हसतो. (तो धक्का भाऊ अजिंक्य यांच्या नावाचा, हे त्याला ठाऊक आहे. पण समोरच्याचा गैरसमज झाला तर तो दूर करणं हे आपलं काम नाही, असं त्याचं मत.) शिवाय राणीच्या बागेत २०१६ साली कोरियाहून पेंग्विन आले, तेव्हापासून पाण्याखालच्या जिवांवर तो ठामपणे बोलतो. काचेपलीकडे पोहणारा पेंग्विन ज्याने रांगेत उभं राहून सात वेळा पाहिला, त्याला मालवणचा समुद्र काय नवा?

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली की तो सुरू होतो. सिंधुदुर्गाचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं, कुरटे बेट, ४८ एकर, पायात शिसं ओतलंय. सगळं बरोबर सांगतो, म्हणूनच त्याला अडवताही येत नाही. गाइड पोरगा बिचारा तोंड उघडतो आणि मिटतो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींपाशी पोचेपर्यंत दोन-चार परकी माणसंही आमच्या घोळक्यात सामील झालेली असतात.

खरी परीक्षा पुढे, किल्ल्याजवळच्या खडकाळ पाण्यात. होडी थांबते, लाइफ जॅकेटं चढतात, मास्क वाटले जातात. पोरगा शिकवतो, ‘नाकान नाय, तोंडान श्वास घेवा. नळीत पाणी इला तर जोरान फुकायचा.’ भाऊ त्याचं भाषांतर करतो, शिट्टी वाजवतो, दोघादोघांच्या जोड्या लावतो. खिशातून बिस्किटांचा पुडा काढतो, माशांना. इथे मात्र पोरगा त्याला थांबवतो: हे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, माशांना त्यांचं खाणं खडकावर मिळतं. काही होडीवाले स्वतःच पाव टाकतात, हेही खरं. म्हणून या पोराचं जरा जास्तच कौतुक वाटतं. पुडा भाऊ स्वतः संपवतो.

‘काका, तुमी येतास?’

‘मी आलो तर मोबाइल कोण सांभाळणार?’

दर वर्षी हेच. एके वर्षी गुडघा होता, एके वर्षी एकादशी. आजी-आजोबांनी गावी ‘पाण्याजवळ जाऊ नकोस’ असं जे बजावलं, ते कोकणातल्या अर्ध्या चाकरमान्यांच्या हाडात बसलंय. गाव समुद्रकाठी आणि पोहता येत नाही, असे लालबाग-परळमध्येही पायलीला पन्नास सापडतील.

मग वहिनी उतरतात. पंजाबी ड्रेसवर नारिंगी जॅकेट, तोंडात नळी, आणि पाच मिनिटं नुसती पाठ दिसते. वर आल्यावर थांबतच नाहीत: पट्ट्यापट्ट्यांचे मासे, पोपटाच्या चोचीचा एक हिरवा, खडकावरचं प्रवाळ, पाण्यात उतरलेली उन्हाची जाळी.

‘मी सांगितलंच होतं,’ भाऊ म्हणतो. अठरा मोबाइल, सहा पाकिटं आणि कुणाची तरी कवळी सांभाळत.

दुपारनंतर देवबाग, कर्लीचा संगम, सुनामी आयलंड, भोगवे. त्याचं वर्णन काय करायचं? प्रत्येक किनाऱ्यावर वीस मिनिटं, शिट्टी, मोजणी, पुढे. डॉल्फिन दिसला तर भाऊमुळे, नाही दिसला तर भरतीमुळे.

मात्र जेवायला बसल्यावर भाऊसारखा दर्यावर्दी नाही. मोरीचं मटण, तिसऱ्या, सुरमई. ताज्या माशाचे डोळे कसे असतात, हे तो बोटाने दाखवतो आणि इथे तो खरोखर चुकत नाही. शेवटच्या रात्री हिशेब होतो. पैसे कमी पडलेले असतात, ते त्याने स्वतःचे घातलेले असतात, आणि हे फक्त वहिनींच्या चेहऱ्यावरून कळतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जलक्रीडा बंद होतात, त्या ३१ ऑगस्टपर्यंत. म्हणून जायचं असेल तर दिवाळीनंतरच भाऊकडे नाव द्या. आगाऊ रक्कम मागितली तर द्या, पावती मागू नका.