जालना स्टेशन, एकास सत्त्याऐंशी

घरात आगगाडीचं मॉडेल मांडणाऱ्या बहुतेकांची हौस इंजिनापाशीच संपते. इंजिन काय, पैसे टाकले की मिळतं; स्टेशन मात्र स्वतः उभारावं लागतं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे जरूर जावं, सिग्नल कसे पडतात ते पाहावं. वक्तशीरपणा तेवढा तिथून उचलू नये. आपल्याला जालना करायचं आहे, आणि त्याचा नियम एकच : लहान करा, सुधारू नका.

१. गेज ठरवणे. प्रमाण १:८७ धरावं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, म्हणजे मॉडेलमध्ये १९.३. बाजारात मिळणारा रूळ १६.५ चा, कारण तो युरोपच्या १४३५ वरून बेतलेला. जाणकार पाहुणा नेमकं इथेच बोट ठेवतो. त्यावर उतारा इतिहासात आहे. निजामाच्या अमदानीत, १९०० च्या सुमारास, सुरू झालेली ही मनमाड–हैदराबाद लाईन जालन्यात १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेज होती. मीटरचे सत्त्याऐंशी भाग केले की साडेअकरा मिलिमीटर येतात, आणि १२ चा रूळ तयार मिळतो. अर्ध्या मिलिमीटरवरून जो वाद घालील, तो रेल्वेतून निवृत्त झालेला समजावा व त्याला चहा द्यावा.

ज्यांना वंदे भारतच हवी, त्यांनी मुकाट्याने ब्रॉडगेज घ्यावं. ही गाडी ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला सुटू लागली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढली. म्हणून ‘गाडी इथूनच सुटते’ हा रुबाब फेव्हिकॉलने चिकटवू नये. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पुरे.

२. फलाट. बावीस डब्यांची गाडी इंजिनासकट साडेपाचशे मीटरच्या आसपास भरते. मॉडेलमध्ये सव्वासहा मीटर, म्हणजे वीस फूट. हॉल बारा फुटांचा असेल तर भिंत फोडू नये. याच लाईनवरचं परतूर किंवा रांजणीसारखं लहान स्टेशन करायला घ्यावं, फलाट आखूड ठेवावा आणि शेवटचे डबे खुशाल बाहेर उभे करावेत. त्या डब्यांतल्या उतारूंनी खडीत उड्या मारायच्या, एवढं गृहीत धरावं.

३. छप्पर. परदेशी पुस्तकांत रूळ, फलाट, गाडी असं सगळं एकाच कमानीखाली घेणारं भव्य छत दाखवतात. लंडनच्या सेंट पँक्रसचं १८६८ चं छत २४० फूट रुंद आहे. आपल्या प्रमाणात ते ८४ सेंटिमीटर होईल आणि दिवाणावर येईल. त्या मोहात पडू नये. असली छतं जिथे गाड्या संपतात अशा मोठ्या शहरांची. वाफेच्या इंजिनांचा धूर वर जावा म्हणून ती उंच बांधत. आपल्याकडे सावली फलाटापुरती. गाडीने उन्हातच उभं राहायचं.

पत्र्यासाठी स्वयंपाकघरातली फॉइल घ्यावी. बारीक आट्यांच्या बोल्टवर ती ठेवून अंगठ्याने दाबत न्यावी, की नालीदार पत्रा तयार. जालन्यासारख्या पोलादाच्या गावात बोल्ट मागायला लाजू नये. खांबांना मोडक्या छत्रीच्या काड्या. त्या आतून पन्हळीसारख्या असतात, त्यामुळे थेट लोखंडी चॅनल वाटतात. शेवटी एक पत्रा थोडा उचकटावा आणि त्याच्या बरोबर खाली बाक ठेवावा.

४. उतारू. विकतचे उतारू १९–२० मिलिमीटरचे, ओव्हरकोट घातलेले आणि ताठ उभे. कोट कापून धोतर रंगवावं, टोपीचं पागोटं करावं. निम्म्यांना गुडघ्यात वाकवून बसवावं, चौघांना आडवं करावं. मोसंबीच्या गोण्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच ठेवाव्यात.

५. भावी विस्तार. जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. १७४ भागिले ८७, बरोबर २ किलोमीटर. त्यासाठी चार गल्ल्यांत भूसंपादन करावं लागेल. शेजाऱ्यांशी मोबदल्याची बोलणी आजच सुरू करावी. जालना–खामगावची मागणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तिच्यासाठी रूळ लागत नाहीत, सर्वेक्षणाच्या खुंट्या पुरतात. त्या दर काही वर्षांनी उपटून पुन्हा रोवाव्यात.

काही नेहमीच्या अडचणी

गाडी वेळेवर येते : लूप लाईनला घालून समोरच्या गाडीची वाट पाहायला लावावी. लाईन एकेरी आहे, क्रॉसिंग होणारच.

समोरची गाडीच नाही : तरी थांबवावी.

घरचे विचारतात, काम कधी पुरं होणार : रंगीत संकल्पचित्र भिंतीला लावावं.

पाहुणे येतात, पाच मिनिटांत सगळं पाहून निघतात : फलाटावर अजून गोण्या वाढवाव्यात. उतारू कमी आहेत का तेही पाहावं.

पाहुणे खुर्ची ओढून बसतात, घड्याळ बघतात आणि एकमेकांना विचारतात, ‘आली का हो?’ : काहीही करू नये. स्टेशन तयार झालं.