खड्डे राखण्याचा कायदा

अण्वस्त्रं कमी करायला पैसे कशाला लागतील, उलट वाचतीलच, अशी आपली भाबडी समजूत असते. अमेरिकी सिनेटने ती २०१० सालीच मोडीत काढली. एप्रिलमध्ये प्रागला अमेरिकेचे ओबामा आणि रशियाचे मेदवेदेव यांनी 'न्यू स्टार्ट' या अण्वस्त्रकपातीच्या करारावर सह्या केल्या: तैनात अण्वस्त्रं दोन्ही बाजूंना १,५५०, त्याहून एक जास्त नाही. फोटो छान आले. मग करार सिनेटमध्ये गेला. तिथे दोन तृतीयांश मतं लागतात, आणि ॲरिझोनाचे सिनेटर जॉन काइल वाट अडवून बसले होते. म्हणाले, उरलेल्या अण्वस्त्रांच्या डागडुजीचं आधी बोला. सरकार बोललं. बोलता बोलता आकडा दहा वर्षांत ८५ अब्ज डॉलरवर गेला. २२ डिसेंबरला ७१ विरुद्ध २६ मतांनी करार पार पडला. त्या २६ जणांत काइलही होते. वसुली पूर्ण, मत विरोधात! आपल्याकडच्या मुरलेल्या पुढाऱ्यांनीही वही-पेन घेऊन बसावं असा हा धडा.

पुढच्याच वर्षी ओहायोचे माइक टर्नर यांनी प्रतिनिधिगृहात करार 'राबवण्याचं' विधेयक आणलं. सार एवढंच की डागडुजीचे पैसे वेळेवर येत नाहीत तोवर कपातीला हात लावायचा नाही. विधेयक तरलं नाही, पण त्यातली कलमं संरक्षण खर्चाच्या विधेयकात मागच्या दाराने शिरली. व्हाइट हाउसने नकाराधिकाराची धमकी दिली, कलमं जरा पातळ झाली. पुढे हा वार्षिकोत्सवच झाला.

खरी कमाल मात्र मोंटाना, वायोमिंग आणि नॉर्थ डकोटाची. तिथे मैलोन् मैल शेतं आणि कुरणं. मध्येच जाळीचं चौकोनी कुंपण, आत शंभर टनांच्या घरातलं काँक्रीटचं झाकण, त्याखाली जमिनीत खोल विहिरीत उभं मिनिटमन क्षेपणास्त्र. याला सायलो म्हणतात. असे ४५० सायलो तीन हवाई तळांच्या अखत्यारीत होते. तळ आहे म्हणून आसपासच्या गावांत पगार आहेत, आणि पगार आहेत म्हणून मतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन सिनेटर इथे मांडीला मांडी लावून बसले. बंद साखर कारखान्याचा भोंगा तरी वाजत राहावा म्हणून धडपडणारे आपले आमदार त्यांना बघून गहिवरतील.

करारातल्या कपातीसाठी काही सायलो मोडायचे तर आधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास करावा लागतो. पेंटागॉनने तयारी चालवली, तर २०१४च्या सुरुवातीला अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, त्या अभ्यासावर पैसा खर्च करायलाच बंदी घातली. अभ्यास झाला नाही म्हणून धरण अडलेलं आपण पाहिलंय. पाडापाडी होऊ नये म्हणून अभ्यासच अडवणं, ही प्रतिभा वेगळी.

मग तोडगा निघाला. पन्नास सायलोंतून क्षेपणास्त्रं काढायची, पण सायलो बुजवायचे नाहीत. 'वॉर्म' ठेवायचे. म्हणजे आत काही नाही, पण देखभाल चालू, राखण चालू, उद्या हुकूम आला तर क्षेपणास्त्र पुन्हा उभं करता यावं. करारात मात्र अण्वस्त्रं डागणाऱ्या साधनांवर ८००ची एकूण मर्यादा होती, आणि रिकामा सायलोही तीत मोजला जायचा. तेव्हा कपात करायची कुठे? १४ पाणबुड्यांवरच्या क्षेपणास्त्रांच्या प्रत्येकी चार नळ्या निकामी केल्या. शत्रूला सहजी न सापडणारी शस्त्रं ती पाणबुडीवरचीच, पण समुद्राच्या पोटात मतदारसंघ नसतो.

मॉस्कोतही सोवळं कुणी नाही. 'न्यू स्टार्ट'च्या आधीच्या 'स्टार्ट-२' करारावर जानेवारी १९९३मध्ये सह्या झाल्या. रशियन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, ड्यूमाने, तो आधी इराकवरच्या अमेरिकी बॉम्बफेकीचा, मग युगोस्लाव्हियावरच्या बॉम्बफेकीचा राग धरून बाजूला ठेवला आणि एप्रिल २०००मध्ये अटी घालून संमत केला. तो लागू होईपर्यंत पहिल्या 'स्टार्ट'च्या पातळीखाली उतरायचं नाही, असा अमेरिकी काँग्रेसचाही कायदा होताच. करार कधी लागू झालाच नाही. उलट फेब्रुवारी २०२३मध्ये पुतिन यांनी 'न्यू स्टार्ट' स्थगित केल्याचं भाषणात सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी ड्यूमाने कायदा करून दिला. मान्यतेला सात वर्षं, स्थगितीला एक दिवस.

५ फेब्रुवारी २०२६ला 'न्यू स्टार्ट'ची मुदत संपली. आता मिनिटमनच्या जागी सेंटिनेल क्षेपणास्त्रं यायची आहेत. त्यांचा अंदाजित खर्च २०२४मध्येच सुमारे १४१ अब्ज डॉलरवर गेला. तैनात क्षेपणास्त्रं ४००च्या खाली न्यायची नाहीत, ही तरतूद काँग्रेस वर्षानुवर्षं करत आलीच आहे. आणि इतकी वर्षं कायदा करकरून जपलेले ते सायलो? हवाई दलाने २०२५मध्ये सांगून टाकलं की जुने सायलो नव्या क्षेपणास्त्रांना पुरेसे कामाचे नाहीत, बहुतांशी नवेच खणावे लागतील. सिनेटरांची अर्थातच काही तक्रार नसावी. खणायचं काम त्याच राज्यांत निघणार आहे.