कानटोपी घालून आईस्क्रीम कसे करावे

आईस्क्रीम उन्हाळ्यात करायचे असते, हा समज ज्यांनी ते कधी घरी केलेले नाही अशांनी पसरवलेला आहे. उन्हाळा खाण्याचा, आणि तेही विकतचे. करण्याचा खरा मोसम मार्गशीर्ष-पौष. आटवलेले दूध फ्रीझरमध्ये जाण्याआधी ओट्यावर निवावे लागते. एप्रिलात ते निवून निवून पस्तिशीला येऊन थांबते आणि पुढचा सगळा भार फ्रीजवर पडतो. जानेवारीत खिडकी किलकिली ठेवली की बरेचसे काम पुण्या-नाशिकची हवा फुकट करते. दूध जितके झटपट गोठेल तितके बर्फाचे कण बारीक राहतात. रेंगाळले की कण वाढतात आणि आईस्क्रीम दाताखाली कचकचते. त्यातून उन्हाळ्यात घरातला प्रत्येक जण बर्फासाठी सारखा फ्रीझर उघडतो, त्यामुळे आतले थोडे वितळते, पुन्हा गोठते, आणखी खरखरीत होते. थंडीत तिकडे कोणी फिरकत नाही. मात्र फ्रीझर रिकामा मिळेल या भ्रमात राहू नये. तिथे वर्षाच्या बेगमीचे सोललेले मटार पिशव्यापिशव्यांनी ठाण मांडून असतात. त्यांच्या मालकिणीशी बोलणी करून एका डब्यापुरती जागा मिळवणे, ही कृतीची पहिली पायरी.

हे खूळ आजचे नाही. यंत्रे येण्याआधी अलाहाबादेकडे बर्फ थंडीतच करत. मातीच्या उथळ भांड्यांत पाणी घालून ती रात्री उघड्यावर, वाळल्या धाटांच्या थरावर मांडायची. निरभ्र आकाशाखाली पाण्यातली उष्णता निघून जाई आणि हवा शून्याच्या वर असतानाही पहाटे बर्फ धरलेला असे. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली ही रीत लिहून प्रसिद्ध केली. लखनौची मक्खन मलाईसुद्धा थंडीतच मिळते. आता फ्रीझरऐवजी हाताने फिरवायचा संचा वापरणाऱ्यांनी तीन भाग बर्फाला एक भाग जाडे मीठ घ्यावे. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो. हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. दांडा फिरवणाऱ्याला स्वेटर लागत नाही, ही बचत वेगळी.

गोठवलेल्या दह्याचे प्रकरण जरा नाजूक आहे. थंडीत विरजण लागता लागत नाही, म्हणून आधी पातेले शालीत गुंडाळून कणकेच्या डब्यात बसवावे, रात्रभर ऊब द्यावी, आणि इतके लाड पुरवल्यावर त्याच दह्याची रवानगी फ्रीझरकडे करावी. यात विसंगती दिसली तरी डगमगू नये. मध्ये दही फडक्यात टांगून चक्का करायचा असतो, आणि इथेच पौषाचे श्रेष्ठत्व सिद्ध होते: वैशाखात टांगलेला चक्का सकाळपर्यंत आंबटढाण होतो, थंडीत तो गोडसर राहतो. त्यात साखर आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घालावी. स्ट्रॉबेरी आधी साखरेबरोबर शिजवून घ्यावी, नाहीतर तिच्यातल्या पाण्याचे खडे होतात. साखरेत मात्र हात आखडू नये. तीच मिश्रण दगड होण्यापासून वाचवते.

आक्षेप एकच, आणि तो शेजघरातून येतो: घसा धरेल. याला इतिहासाचा पाठिंबा आहे, हे मान्य करायला हवे. जमशेटजी जीजीभॉय यांनी मुंबईत मेजवानीला आईस्क्रीम वाढले आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असे वृत्त ‘मुंबई समाचार’ने दिल्याची गोष्ट सांगतात. पण सर्दी विषाणूंनी होते, आणि ते एकमेकांच्या अंगावर शिंकणाऱ्या पाहुण्यांकडून मिळतात, वाटीतून नव्हे. टॉन्सिल काढल्यावर तर आईस्क्रीम डॉक्टरच खायला सांगतात. एवढ्यानेही समाधान झाले नाही तर मिश्रणात चिमूटभर सुंठ घालावी. चवीत फारसा फरक पडत नाही, पण पदार्थाला औषधाचा दर्जा मिळतो.

इतक्या थंडीत ते खाणार कोण, असेही विचारले जाईल. प्रश्न चुकीच्या बाजूने विचारला आहे. उन्हाळ्यात केलेला डबा बिल्डिंगभर वाटावा लागतो. थंडीत तो वाढण्याआधी पंधरा मिनिटे बाहेर काढून ठेवावा, आणि तेवढ्या वेळात प्रत्येकाजवळ जाऊन, आवाजात शक्य तितकी माया आणून, “तुम्हाला बाधणार नाही ना हो?” असे विचारून यावे.